वडिलांच्या पोटातलं कापड

माणसाचं आयुष्य शेवटी एका धाग्यावर तोललेलं असतं. माझ्या वडिलांचं साधारण वीतभर पॉलिएस्टरवर होतं.

त्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी एका जागी फुग्यासारखी फुगली, तेव्हा डॉक्टरांनी पोट न उघडता जांघेतून आत एक कापडी नळी बसवली. एवढ्या समजावण्यातून वडिलांना एकच शब्द भावला : विणलेली. चादरीच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात तयार माल तपासला होता. चादर उजेडावर धरायची, तेलुगूत पुटपुटत धागे बघायचे, तुटका दिसला की खडूची फुली.

पुढे दरवर्षी सीटी स्कॅन. नळीच्या कडेनं रक्त फुग्यात झिरपत नाही ना, फुगा वाढत नाही ना, एवढंच बघायचं. वाढला तर कदाचित पोट उघडावं लागलं असतं, आणि वडिलांनी त्याला आधीच साफ नकार दिला होता. त्यामुळे स्कॅनच्या आठवड्यात मला जेवण जात नसे. ते मात्र सात रस्ता चौकाजवळच्या स्कॅन सेंटरातून फिल्म हातात पडली की फुटपाथवरच ती उन्हाकडे धरत. सोलापुरात उजेडाची टंचाई कधीच नसते.

"काय मालक, कुटं मोडलंय?" एकदा एका रिक्षावाल्यानं विचारलं.

"मोडलं न्हाय. कापड बघतोय."

तिसऱ्या वर्षी ते बघता बघता थांबले. खिशातला खडू फिल्मवर उमटेना, म्हणून माझ्या पर्समधली टिकली काढून एका पांढऱ्या डागावर चिकटवली. "हितं गळतंय," म्हणाले. डॉक्टरांकडे जायला मी समोरून येणारी पहिली रिक्षा थांबवली.

डॉक्टरांनी टिकलीकडे पाहिलं. "काका, हे काय?"

"दोष. माल परत पाठवा."

डॉक्टरांनी मागच्या वर्षीचा स्कॅन पडद्यावर शेजारी घेतला, सावकाश मापं मोजली. "गळती नाही. फुगा थोडा आटलाय."

"पहिल्या धुण्यात आटतंच की," वडील म्हणाले, पण जरा खट्टू झाले. माल तपासणाऱ्याच्या मनाला दोष न सापडणं लागतं. मी बाहेर येऊन दोन वडापाव खाल्ले.

वडील पुढे बऱ्याच वर्षांनी गेले, म्हातारपणानं. कापड शेवटपर्यंत शाबूत होतं. दसऱ्याच्या साफसफाईत ती फिल्म निघते आणि मी खिडकीशी उभी राहून ती उजेडावर धरते, त्यांच्यासारखीच, हात लांब करून. टिकली अजून चिकटलेली आहे. डाव्या मूत्रपिंडावर.