जहाज शेतात दिसलं तेव्हा

मंडळी, घाईत लिहितेय, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

माझा नवरा क्रूझ जहाजाच्या किचनमध्ये कामाला आहे. नवीन ठिकाण आलं की फोटो पाठवतो आणि लिहितो, "ओळखा!" गेल्या खेपेला आम्ही सगळे समुद्रांची नावं घेत बसलो आणि ते निघालं अमेरिकेतलं तळं.

आज धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून पेणच्या खाडीकाठी आमच्या घरी आले, तर सासूबाई फोन घेऊन दारातच उभ्या. फोटोत जहाजाचा कठडा आणि दोन्ही बाजूंना हिरवी शेतं. गायी चरतायत.

"बांध फुटला गो तिकडचा! जहाज शेतात घुसलाय!"

हसू नका. आमच्याकडे उधाणाला बांध फुटला की खारं पाणी भातात शिरतं. मलाही तेच वाटलं. फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, बंद. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या.

तासाभराने मेसेज आला. "हरलात! कॅनडातला कालवा हाय. एका तळ्यातनं दुसऱ्या तळ्यात चाललोय."

सासूबाई डोळे पुसत हसायला लागल्या. तेवढ्यात दुसरा मेसेज. "शेतं बघून आठवलं. आज अमावास्या, रात्री मोठं उधाण हाय. आपला बांध कोणी बघितला का?"

कोणीच बघितला नव्हता.

सासरे आत्ता बॅटरी घेऊन बांधावर गेलेत. फोन घरीच विसरलेत.

खाडीकाठच्यांनो, तुमचा बांध बघितलात का?