चिंचोक्यांचं मीठ

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. उमरग्याच्या बाजूला एका मोठ्या गावात मी मिडल स्कूलचा मास्तर होतो. पुस्तकं उर्दूतली, पोरांची बोली मराठी आणि कानडी. हिंदुस्थाननं नाकेबंदी केली, सरहद्दीवरून माल येणं बंद झालं आणि गावात मीठ मिळेनासं झालं. सहावीतल्या एकानं विचारलं, "मास्तर, मीठ तेच हाय, मग महाग का?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी निम्म्या वर्गाला चिंचोके वाटले, म्हटलं, हे मीठ. बाकीच्यांना ज्वारी दिली आणि अदलाबदल करायला लावली. मग बरेचसे चिंचोके काढून घेतले. आता एका चिंचोक्याला पोरं मूठभर ज्वारी देऊ लागली.

"आणि कुणी चिंचोके दाबून बसला तर?" मी बोलून गेलो.

सगळ्या माना एका मुलीकडं वळल्या. गावातल्या मोठ्या किराणा दुकानदाराची लेक. वर्गात मुलगी ती एकटीच. तिनं मान खाली घातली. माझ्या मनात तिचा बाप नव्हता, पण शब्द निघून गेला होता.

त्याच आठवड्यात शाळा तपासणारे साहेब आले, सोबत पोलीस जमादार. मिठाच्या टंचाईवर बोलून मास्तर पोरांना सरकारविरुद्ध भडकवतो, अशी तक्रार होती. त्या दिवसांत तेवढ्यावर माणूस आत जात होता. दुकानदार बाहेर ओट्यावर उभा होता.

साहेबांनी नेमकं त्या मुलीलाच उभं केलं.

"मीठ कुणी दडवलं म्हणाले मास्तर?"

"मास्तरांनी कुणाचं नाव घेतलं न्हाई."

"मग पोरं तुझ्याकडं का बघत होती?"

तिनं दाराकडं पाहिलं. बाप तिच्याकडंच बघत होता.

"ते पोरांना विचारा," ती म्हणाली. "चिंचोके कमी झाले की ज्वारी जास्त द्यावी लागती, एवढं म्या बघितलं."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं. "किताबाबाहेरचं काही शिकवायचं नाही. पुन्हा तक्रार आली तर मी मध्ये पडणार नाही," एवढं मला बजावून ते गेले.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. काही दिवस वाट पाहून मी तिच्या घरी गेलो.

दुकानदारानं बसा म्हटलं नाही. "मास्तर, तुम्ही माझ्या लेकीला चार लोकांत उभं केलं."

"चूक माझी झाली. तिची नाही. तुमच्या घरातला एक शब्द तिनं बाहेर काढला नाही. तिला घरी बसवू नका."

"शिकून तरी काय करायचंय तिला?"

तेवढ्यात आतल्या दाराआडून त्याची बायको कानडीत बोलली. आवाज चढलेला नव्हता, पण ती थांबत नव्हती. मला कानडी समजत नव्हती. दुकानदार एकदा तिला अडवायला गेला, मग ऐकत राहिला. बोलणं संपलं तेव्हा त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं.

"या तुम्ही आता," तो म्हणाला.

सोमवारी मी हजेरी घेत होतो तेव्हा ती आली. दप्तर छातीशी धरून उंबऱ्यात थांबली. पोरांनी न सांगता सरकून जागा केली.