आमच्या घरात जंतू नाहीत

आमच्या घरात जंतू नाहीत. हे मी फुशारकीने सांगत नाही. प्रयोगाने सिद्ध झालेलं आहे, आणि त्यापायी मी बी.एस्सी.ला नापास होता होता वाचले आहे.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. शेवटचं वर्ष. प्रत्येकाला एक छोटा प्रकल्प करायचा होता, आणि मी विषय निवडला होता 'घरातील वस्तूंवर आढळणारे जीवाणू'. (विषय भारदस्त वाटावा म्हणून शीर्षक इंग्रजीत दोन ओळींचं केलं होतं. अर्थ एवढाच, की आपल्या घरी कुठे किती घाण आहे ते पाहा.) सोमवारी अमरावतीहून बाहेरच्या परीक्षक मॅडम येणार होत्या. प्रकल्प पडला तर प्रॅक्टिकल पडणार, प्रॅक्टिकल पडलं तर अमरावतीत एम.एस्सी.ला प्रवेश नाही. आमच्या खानदानात एम.एस्सी.पर्यंत पोचू पाहणारी मी पहिलीच, त्यामुळे बाबांनी ऑफिसात पेढे कोणत्या दुकानातून आणायचे तेसुद्धा ठरवून ठेवलं होतं!

तशात कॉलेजचा इनक्युबेटर बंद पडला. इनक्युबेटर म्हणजे जंतू वाढवण्यासाठी सदतीस अंशांवर गरम राहणारं कपाट. सर म्हणाले, "घरी ने प्लेटा. अकोल्यात मे महिन्यात कोणतंही कपाट इनक्युबेटरच असते."

शुक्रवारी संध्याकाळी मी काचेच्या सहा बशा घेऊन घरी आले. त्यांत अगार, म्हणजे जंतूंचं जेवण, जेलीसारखं थिजवलेलं. घरात आई, बाबा आणि उन्हाळ्यापुरती दर्यापूरहून आलेली आत्या. आत्या बाबांची थोरली बहीण. बाबांना तिनेच वाढवलं, त्यामुळे घरात शेवटचा शब्द तिचा असतो. (पहिलाही तिचाच असतो. मधले आम्ही वाटून घेतो.)

मी तिघांना समोर बसवलं आणि एका बशीचं झाकण काढून हातात धरलं.

"ही कंट्रोल! हिच्यावर मी काहीच लावणार नाही. हिच्यात काही उगवलं नाही, तरच बाकीच्या पाच बशांतलं खरं मानायचं. म्हणून हिला कोणी हात लावायचा नाही, कोणी फुंकर मारायची नाही, कोणी जवळ शिंकायचं नाही! समजलं?"

आणि मग कंट्रोल म्हणजे काय, निर्जंतुक म्हणजे काय, जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट कसे होतात, हे सगळं मी त्या बशीवर वाकून, बोटाने दाखवत, चांगलं तब्येतीत समजावलं. वर्गात मला एवढं बोलायला कधी मिळत नाही. एरवी माझं ऐकायला कोणी दोन मिनिटं थांबत नाही, आज तिघंही डोळे मोठे करून ऐकत होते. मला तर गहिवरून आलं.

"मंग बाकीच्या बशाईत काय टाकशीन वं?" आईने विचारलं.

"उद्या सकाळी कापूस लावलेली ओली काडी फिरवून नमुने घेणार. तुझा ओटा, बाबांचा टीव्हीचा रिमोट, आत्याची पानाची डबी, माठाचं झाकण आणि दाराची कडी. बशीवर तशी नावं लिहीन."

आईचा चेहरा पडला. "माह्यं नाव? म्हंजे ते अमरावतीची बाई माह्या ओट्यावरची घान पाह्यनार?"

"घाण नाही गं, जीवाणू!"

"एकच झालं ना!"

आत्याने डबी कमरेला खोचली. "प्रज्ञा, माह्या लहानपनी गावात मले वरून पानी वाढत होते लोक. आपल्या घराले घान म्हननारे लय पाह्यले मी. आता तू घरूनच बशी भरून नेशीन का?"

यावर एखादी समजदार मुलगी क्षणभर गप्प बसली असती. मी म्हणाले, "आत्या, जीवाणू तर सगळ्यांच्याच घरात असतात, जात-पात पाहत नाहीत ते," आणि पुन्हा बशीवर वाकून पुढची दहा मिनिटं बोलले.

शनिवारी सकाळी उठले तर घराला दवाखान्याचा वास. फिनाईल! ओटा असा लखलखत होता की त्यात माझा न विंचरलेला अवतार दिसत होता. मला वाटलं, आईला आज फार उत्साह आलाय. दाराची कडी ओली होती. मला वाटलं, आता दारही पुसायला लागली का ही! माठाचं झाकण चिंचेने घासून उन्हात वाळत ठेवलं होतं. रिमोट हातात घेतला तर बटणांतून पाणी ठिबकलं.

"बाबा, हा ओला कसा?"

"गर्मी पाय ना किती हाय," बाबा पेपराआडून म्हणाले. "घाम आला असन त्याले."

विज्ञानाचं पहिलं तत्त्व निरीक्षण. मी निरीक्षण सगळं केलं आणि निष्कर्ष एकही काढला नाही. काडी फिरवली, बशीवर ओढली, नावं लिहिली, झाकणं लावली.

दुपारी वेगळीच भानगड उभी राहिली. जगभर लोक जंतूंना ऊब देण्यासाठी धडपडतात. अकोल्यात मे महिन्यात त्यांना गार करावं लागतं! बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, कपाटात हात घालवेना. सदतीस अंशांचे लाड असलेले जंतू त्यात शिजले असते.

"कूलरसमोर ठेव," आत्या म्हणाली.

घरात कूलर एकच. तो बैठकीतून उचलून आतल्या खोलीत नेला, समोर स्टुलावर बशा मांडल्या, बाबांनी भिंतीवरचा थर्मामीटर शेजारी टांगला. खोलीचं दार लावून घेतलं, कारण माणसं आतबाहेर झाली की तापमान बदलतं. (हा नियम माझाच.) जंतू गारव्यात आणि आम्ही चौघं बैठकीत, अंगावर ओले टॉवेल घेऊन, बंद टीव्हीकडे पाहत! क्रिकेटची मॅच होती, पण रिमोट कायमचा बसला होता. बाबा दर तासाला कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतून येत आणि "छत्तीस हाय" किंवा "सदतीस हाय" असं गंभीरपणे सांगत. आई पोळ्या लाटताना पदराने घाम पुसत होती, पण कूलर मागितला नाही कोणी. एका शब्दाने नाही. तेव्हा मी मात्र "दार लावा!" एवढंच ओरडत होते.

रविवारी संध्याकाळी मी बशा बाहेर आणल्या.

आईचा ओटा: कोरा. बाबांचा रिमोट: कोरा. आत्याची डबी, माठ, कडी: कोरे, कोरे, कोरे! एक ठिपका नाही. आणि जिच्यात काहीच उगवायला नको होतं, त्या कंट्रोलमध्ये पांढरे, पिवळे, गोल, मोठे, बारके जंतूंचे असे पुंजके, की मोजायला बोट ठेवावं तिथे एक!

"कोणी काय केलं?" मी किंचाळले.

सगळ्यांनी केलं होतं. आईने पहाटे उठून ओटा आणि माठ. बाबांनी कडी, आणि रिमोट चक्क नळाखाली, फिनाईल लावून. आत्याने डबी राखेने घासून, उकळत्या पाण्यात घालून. एकानेही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

मी रडायलाच लागले. "उद्या परीक्षा आहे! काहीच उगवलं नाही, आता दाखवू काय?"

"मंग... पुन्हा घान करू का?" आईने इतक्या काकुळतीने विचारलं की मला रडता रडता हसू आलं.

आत्या माझ्याजवळ येऊन बसली. "माह्यंच चुकलं वं पोरी. तुह्या कॉलेजात कोनी नाव ठेवू नये, एवढंच होतं मनात. तुह्यं साल बुडन असं वाटलं नाई." तिचे डोळे भरले होते. तेव्हा कुठे मला शुक्रवारचं तिचं बोलणं ऐकू आलं.

सोमवारी परीक्षक मॅडमनी बशा उजेडात धरल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा धरल्या.

"पाचही कोऱ्या?"

मी खरं ते सगळं सांगून टाकलं. फिनाईल, राख, नळाखालचा रिमोट. मॅडम ऐकत राहिल्या.

"म्हणजे हा प्रकल्प जंतुनाशकांचा झाला. घासणं, फिनाईल, उकळतं पाणी, यांनी जंतू कसे मरतात ते सांगा."

ते मला तोंडपाठ होतं, आणि आता तर घरचं होतं. मी धडाधड सांगितलं.

"आता ही कंट्रोल. हिच्यात एवढे कुठून आले?"

"मॅडम, काही कल्पनाच नाही!" म्हणत मी बशी हातात घेतली, झाकण काढलं आणि वाकून बोटाने दाखवू लागले, "हे बघा ना, हे पिवळे इथे, हे पांढरे..."

मॅडमनी शांतपणे बशी माझ्या तोंडाखालून काढून घेतली.

"घरीसुद्धा असंच समजावलं होतं का?"

मी पास झाले. मॅडमनी जाताना सांगितलं, "आईंना म्हणावं, ओटा पाहिला. इतकी स्वच्छता मी प्रयोगशाळेतसुद्धा पाहिली नाही."

आज मी अमरावतीत एम.एस्सी. करते. बशी उघडताना तोंड बंद ठेवते, आणि त्या घामाघूम झालेल्या तिघांची आठवण येते. मला मिळालेली सगळ्यात मोठी शिष्यवृत्ती म्हणजे तो कूलर.

त्या सोमवारी परीक्षा देऊन घरी पोचले तर तिघंही दारातच उभे.

"काय म्हने बाई आपल्या घराले?" आत्याने श्वास रोखून विचारलं.

"म्हणाल्या, घरात जंतूच नाहीत. जे काही सापडले ते सगळे माझ्या बडबडीतून उडाले."

आत्याने सुटकेचा श्वास टाकला, कमरेची डबी काढली, निवांत पान लावलं.

"म्हंजे तू जरा कमी बोलाव, हेच ना? हे तर मी तुले जल्मापासून सांगून रायली. त्याच्यासाठी आमचा कूलर कायले नेला वं?"