मुरमावरची चार पावलं

वडूजच्या स्टँडवर आबांनी माझी पेटी एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "चांगली शिक. घरचं आमी बघतो." आई कंडक्टरला बजावत होती, "सांगलीला उठवा हां तिला, लय झोपती." आमच्या घरातून कॉलेजला निघालेली मी पहिलीच.

बेसबॉल मी सांगलीत, विश्रामबागेतल्या कॉलेजच्या मैदानावरच पहिल्यांदा पाहिला. पळते चांगली, म्हणून खेळाच्या सरांनी मला मागे, आउटफिल्डला उभं केलं. तिथे मैदानाच्या कडेच्या जाळीच्या अलीकडे लाल मुरमाची रुंद पट्टी होती. जिल्हा संघाच्या निवड चाचणीत चेंडू माझ्या डोक्यावरून उंच गेला. मी वर बघत मागे धावले, बुटाखाली मुरूम करकरला आणि मी जागीच थांबले. चेंडू दोन हातांवर पडला.

"थांबलीस का गं?" सर ओरडले.

"सर, हद्द आली."

ज्वारीवरची पाखरं हाकताना आम्ही आभाळाकडे बघतच पळायचो. पायाला बांध लागला की थांबायचं; पलीकडचं रान दुसऱ्याचं. माझ्या पायांना तेवढंच ठाऊक.

"तलाठीणबाई आल्या, मोजणी करून घ्या गं!" कॅप्टन म्हणाली. सगळ्या हसल्या. संघात माझं नाव लागलं नाही.

सरांनी मला पट्टीवर नेलं. "हद्द ती जाळी. चेंडूवर नजर असली की ती दिसत नाही, म्हणून मुरूम पायाला सांगतो, जवळ आलीस. इथून चार पावलं तुझीच आहेत."

महिनाभर रोज सकाळी मी वर बघत ती चार पावलं टाकली. मग जिल्हा संघात राखीव म्हणून घेतलं.

सामना साताऱ्यात, साताऱ्याशीच. माझा जिल्हा समोर आणि माझ्या अंगात सांगलीचा शर्ट. शेवटी एकीचा पाय मुरगळला आणि सरांनी मला उतरवलं. आम्ही एका धावेने पुढे, त्यांची एकच बाद व्हायची, दोघी बेसवर, धाव काढायला टपलेल्या. चेंडू उडाला. मी धावले. मुरूम लागला. एक, दोन, तीन, आणि उडी. खांदा जाळीवर आदळला, चेंडू ग्लोव्हमध्ये राहिला.

"तलाठीणबाई, जिंकलो की!" म्हणत कॅप्टन गळ्यात पडली.

जाळीपलीकडे, सातारकरांच्या गर्दीत, वडूजहून आलेले आबा टोपी उडवत होते. शेजारचा वैतागला, "आवं, तुमी सातारचं न्हवं?"

"व्हय की. पर पोरगी सांगलीची हाय!"

आज मी विश्रामबागेत मुलींना हा खेळ शिकवते. इथेच घर केलं, संसार मांडला. पण सांगली माझी झाली ती त्या दुपारी, आबांनी भर गर्दीत मला तिची म्हटलं तेव्हा.