"कसे ठेवू, बाबू?"

सुधारगृहात पोरगं आलं की पहिलं काम म्हणजे डोकं भादरणं. शून्य नंबरची मशीन, कपाळापासून मानेपर्यंत; पुढं दर पंधरवड्याला पुन्हा तेच. पळून गेलाच तर टकलावरून ओळखू यावा, असा रिवाज. आणि तरीही आमचे न्हावी मजीदचाचा प्रत्येकाच्या गळ्यात कापड बांधून, अगदी गंभीरपणे विचारायचे, "कसे ठेवू, बाबू?"

मला वाटलं, म्हातारा टिंगल करतोय. घाटंजीजवळच्या एका शेतातली पाण्याची मोटर चोरताना आम्ही तिघं सापडलो होतो. तेव्हापासून जो तो मला सांगत होता; इथं बस, तिथं सही कर. मी चिडून म्हणालो, "हिरोसारखे ठेवा!"

"बहोत खूब. पुढं लांब, कानामागं बारीक," असं म्हणत चाचांनी मशीन फिरवली आणि वर आरसा धरला. टकलाला आरसा! मला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. चाचांनी मान पुसायच्या निमित्तानं माझं तोंडही पुसलं. "दोन भोवरे हाय तुले. दोन बायका होतीन, आतापासून सांभाळ!"

पुढे ओळख झाल्यावर मी विचारलं, "चाचा, करायचं टक्कलच, मग इचारता कायले?"

"ज्याचं डोस्कं, त्याले इचारा लागते," ते म्हणाले. "कापनं साहेबाच्या हुकमानं. पन इचारनं तं माह्या हातात हाय नं?"

माझी सुटका ठरली, त्याच सुमारास ताईचं लग्न निघालं. तिच्या दारव्ह्याच्या सासरी सांगितलं होतं, धाकटा भाऊ नागपूरला मामाकडे शिकतो. आई भेटायला आली ती डोळे पुसतच. "टक्कल घेऊन मांडवात येशीन तं लोक इचारतीन, कोन मेलं? नाई तं समजूनच जातीन. सोयरीक मोडन रे." मग ये म्हणेना, नको येऊ म्हणेना.

पुढच्या खेपेला चाचांनी कापड बांधलं. "कसे ठेवू, बाबू?"

"भांग पाडता येईल एवढे," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. चाचांचे हात थांबले. त्यांनी पिशवीतून जखमेवर लावायचं जांभळं औषध काढलं, माझ्या डोक्यावर जागोजागी फासलं आणि मोठ्यानं ओरडले, "साहेब! या पोराले नायटा हाय! मशीन लावली तं साऱ्याईले होईन!"

साहेब आले. माझा जीव टांगणीला. खोटं उघडं पडलं असतं तर चाचांचं काम गेलं असतं, आणि त्यांचं घर तर त्याच कामावर चालत होतं. पण चाचा शांत. "पाहा नं साहेब, जरा जवळून पाहा." साहेब दोन पावलं मागेच सरले. सुटेपर्यंत माझं ताट वेगळं, टॉवेल वेगळा, अंथरूण कोपऱ्यात. अशी ऐट आयुष्यात पुन्हा झाली नाही.

लग्नात मी डावीकडं भांग पाडून उभा होतो. कानामागं थोडं जांभळं राहिलंच होतं. निघताना ताईनं माझ्या केसांतून हात फिरवला.

आज माझं घाटंजीत मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. चोरीचं ज्ञान कामाला आलं, असं चाचाच हसत म्हणायचे. मागच्या हिवाळ्यात त्यांना लकवा झाला. मी भेटायला गेलो तर दाढी वाढलेली, केस विस्कटलेले. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. घरचे म्हणाले, हात लावू देत नाहीत कुणाला. आयुष्यभर लोकांची डोकी सांभाळणारा माणूस, त्याला असं पाहून मला भडभडून आलं.

मी त्यांचीच पिशवी शोधली, गळ्यात कापड बांधलं आणि विचारलं, "कसे ठेवू, चाचा?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग खूप वेळ विचार केला. जीभ अडखळत होती. "भांग... पाड. डावीकडं."

डोक्यावर मोजके पांढरे केस उरले होते. मी तेल लावून, निगुतीनं भांग पाडला आणि आरसा धरला. चाचांनी मान इकडं केली, तिकडं केली.

"बहोत खूब," ते म्हणाले. "आता लग्नाले जाता येते."

त्याच आठवड्यात ते गेले.