हरकत घेऊन या हो!

भोंगेमामांचा आवाज सगळ्या शहराच्या ओळखीचा होता, पण त्यांच्यासमोर बसून बोलायचं तर कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागे. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून नगरपालिकेच्या सूचना गल्लोगल्ली पुकारणारा हा माणूस, माइक खाली ठेवला की इतका हळू बोलायचा की चहा हवा की नको हेसुद्धा मामींना दोनदा विचारावं लागे. मामी करवादायच्या, "साऱ्या गावाले सांगता, मले सांगाले काय होते तुमाले?" मामा हसायचे. ते हसणंही ऐकू यायचं नाही.

आमचं शहर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. शहर म्हणायचं ते नगरपालिका आहे म्हणून, नाहीतर वेशीबाहेर पाऊल टाकलं की कपाशीच लागते. नळाला पाणी कधी येईल ते देवाला आणि पालिकेला ठाऊक, आणि त्या दोघांच्या वतीने आम्हाला सांगायचे ते भोंगेमामा. सकाळी ते पालिकेत जात, तिथल्या कारकून बाबूंच्या हातून सूचनेचा कागद घेत आणि तिथेच बाकावर बसून वाचत. वाचून झालं की बाबूंना विचारत, "याचा मतलब काय?" बाबू म्हणत, "मामा, तुमाले पुकाराचं हाये, पेपर द्याचा नाही." मामा जागचे हलत नसत. "मले समजलं नाही तं मी सांगू काय?" असं पुटपुटत बसून राहात. शेवटी बाबू पेन ठेवून अर्थ सांगत, तेव्हा कुठे रिक्षा सुरू होई.

मग कागदावरचं "तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठ्यात व्यत्यय" आमच्या गल्लीत यायचं ते असं: "ऐका हो! उद्या नळ येनार नाही. मोटर जळली. हंडे, बकेटा, जे असंन ते आजच भरून ठेवा!" आणि दर पुकाऱ्याच्या शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं: "समजलं नसंन तं रिक्षा थांबवा. समजलं असंन तरी थांबवा, चहा पाजा!"

लोक खरोखरच रिक्षा थांबवत. दुसऱ्या कुठल्या शहरात पालिकेची गाडी अशी हात दाखवून कोणी थांबवत असेल, असं मला वाटत नाही. बायका ओट्यावरून उठून येत, नाली तुंबल्याचं सांगत, खांबावरचा दिवा गेल्याचं सांगत. मामा ऐकून घेत आणि सरळ माइक पुढे करत. "तूच बोल माय. तुह्या दारची नाली, मी काऊन बोलू?" बायका पदर तोंडाला लावून मागे सरत. आमच्या समोरच्या काकू एकदा धीर करून माइक घेऊन उभ्या राहिल्या, दिव्याबद्दल एक वाक्य बोलल्या आणि लगेच त्याच आवाजात म्हणाल्या, "अन् सुनबाई, दूध उतू जाऊन राह्यलं, ग्यास बंद कर!" सगळा वॉर्ड हसला. पण दिव्याचं सगळ्यांनी ऐकलं होतं, आणि दोन दिवसांत पालिकेचा माणूस शिडी घेऊन आला.

मामांच्या हातून चुकाही होत. एकदा कोपऱ्यावर चहा पिताना माइक बंद करायचं राहिलं, आणि हातातल्या नोटिशीकडे बघत ते आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणाले, "हे कोनं लिवलं बे? डोकं ठिकानावर हाये काय याचं?" एरवी शेजारच्यालाही ऐकू गेलं नसतं. भोंग्यांनी ते थेट पालिकेच्या खिडकीपर्यंत पोचवलं. ती नोटीस बाबूंनीच लिहिली होती. दुसऱ्या दिवशी मामा कचोऱ्या घेऊन त्यांच्याकडे गेले आणि बाबूंनी रागारागात दोन खाल्ल्या.

आता मूळ गोष्टीकडे येते. माझी आई भाजी विकते. आमचं वावर थोडं, त्यात मेथी, कोथिंबीर, वांगी, दोडके. मंगळवारच्या आठवडी बाजारात पाण्याच्या टाकीखालच्या रस्त्यावर तिची जागा. तिच्याआधी तिच्या सासूची होती. टाकीची सावली दुपारभर तिथे असते, बसस्टँड हाकेवर आहे. आमच्या घरात जे काही आलं, माझ्या शिक्षणापासून छपरावरच्या पत्र्यापर्यंत, ते त्या चार हात जागेतून आलं. आणि एका उन्हाळ्यात पालिकेनं ठरवलं की बाजार बायपासला न्यायचा.

कारण खोटं नव्हतं. मंगळवारी त्या रस्त्यावरून ॲम्ब्युलन्सही निघत नसे. पण बायपासच्या त्या मैदानात झाड नाही, बस थांबत नाही, आणि टोपली डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईने तिथवर जायचं कसं, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं तरी कोणाला? निवडणुका लांबल्या होत्या, नगरसेवक उरले नव्हते, पालिकेवर प्रशासक होते. ज्यांच्या दारात जाऊन भांडायचं ते माजी झालेले. आईनं त्यातल्या एकांना गाठलं, तर ते म्हणाले, "आता आमाले कोन विचारते, बाई?" त्या रात्री आई जेवली नाही. "कोथिंबीर उन्हात अर्धा घंटा टिकत नाही," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

बाजार हलवण्याची नोटीस पुकारायला मामांकडेच आली. त्यांनी ती नेहमीप्रमाणे बाकावर बसून शेवटपर्यंत वाचली. अशा प्रत्येक नोटिशीच्या तळाशी एक ओळ असते, ती तुम्हीही पाहिली असेल: "याबाबत नागरिकांच्या हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत." ती लिहायची असते म्हणून लिहितात. नोटीस फलकावर लागते, मुदत संपते, "एकही हरकत आली नाही" असा शेरा पडतो आणि काम पुढे जातं. बाबू म्हणाले, "मामा, वरचंच पुकारा. खालची ओळ नेहमीचीच हाये." मामांनी विचारलं, "नेहमीची हाये, तं मंग आजपर्यंत मले कोनी काऊन नाही सांगितली?"

आणि त्यांनी खालची ओळ आधी पुकारली. "ऐका हो! बाजार बायपासले नेऊन राह्यले. पन पालिकेनं तुमाले इचारलं हाये! हरकत असंन तं हरकत घेऊन या हो! सही नाही येत तं आंगठा घेऊन या, पन या! नगरसेवक नाही तं नाही, शहर तं हाये ना?" दिवसभर तेच. माझ्या माहितीतल्या कुठल्याही माणसाला पालिकेचं निमंत्रण आल्याचं तोवर ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते घरोघर पोचलं.

मंगळवारी त्यांनी रिक्षा बाजारातच उभी केली. मी तेव्हा एका खासगी शाळेत शिकवत होते. सुट्टी टाकून आले आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून हरकती लिहू लागले. पण लिहिण्याआधी प्रत्येकाने ती माइकवर बोलायची, हा मामांचा हट्ट. "सायबानं वाचली काय, नाही वाचली काय, बाजारानं तं आयकली पायजे." पहिल्यांदा कोणी पुढे येईना. मग मामांनी माइक आईसमोर धरला. माझी आई गिऱ्हाइकाशी घासाघीस सोडली तर चार माणसांत तोंड उघडणारी नव्हे. तिनं माइक हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सायब, मानूस छत्री घेऊन बशीन. मेथीच्या जुडीले कोन छत्री धरीन? अन् आमी तिथं आलोच, तं गिऱ्हाईक कोन आननार, तुमी?" मग दोडकेवाली म्हणाली, "दे बापा मामा, मलेही दे," आणि संध्याकाळपर्यंत माइक मामांच्या हाती परत आलाच नाही.

हरकतींवरच्या सुनावणीला पालिकेचं सभागृह अपुरं पडलं. प्रशासक साहेब माणूस समंजस होते, पण एवढी माणसं पाहून त्यांनाही घाम फुटला. रस्ता मोकळा कसा करायचा, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. उत्तर बायकांनीच दिलं. अडचण टोपल्यांची नाही, कांद्याच्या ट्रकांची आणि व्यापाऱ्यांच्या टेम्पोंची आहे. ते बायपासला न्या, आम्ही रस्त्याच्या एका बाजूने बसतो, मधली वाट कधी अडवणार नाही. साहेबांनी समोर नकाशा ओढला आणि आईला विचारलं, "बाई, एका बाजूने म्हणजे कुठून कुठपर्यंत?" आई उठून टेबलापाशी गेली आणि तिनं बोट ठेवून दाखवलं. बाजार राहिला. ट्रक गेले.

मामांचं काम मात्र गेलं. कोणी काढून टाकलं असं नाही. हळूहळू कागद येणं बंद झालं आणि कचऱ्याच्या गाडीवर रेकॉर्ड केलेल्या सूचना वाजू लागल्या. मामा शाळेची मुलं ने-आण करू लागले. मला फार राग यायचा, मी त्यांच्यासमोर पालिकेला नको नको ते बोलायचे. ते ऐकून घेत आणि कानाशी येऊन म्हणत, "मशीन चांगलं बोलते, पोरी. दम नाही लागत तिले. फक्त तिले थांबवून इचारता येत नाही, येवढंच." आई दर मंगळवारी त्यांच्यासाठी पिशवी भरून ठेवायची. ते त्यातली एक मेथीची जुडी घेत, बाकीची परत ठेवत.

मी आज जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आणि हातात कोणताही सरकारी कागद आला की तो खालून वर वाचते. आमच्या वॉर्डातल्या बायका आता पालिकेत जायला घाबरत नाहीत. नवे नगरसेवक निवडून आले तेव्हा पहिल्याच महिन्यात आईने एकाला बाजारात अडवून नालीचं विचारलं. हे सगळं आम्हाला त्या हळू बोलणाऱ्या माणसाने दिलं, आणि त्यांच्या हयातीत मी त्यांना हे एकदा स्पष्ट सांगितलं होतं, याचं मला समाधान आहे. ते लाजले आणि काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते अर्थातच कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. झोपेतच गेले, आणि गेले ते नेमके मंगळवारी. त्यांच्या घराकडून स्मशानाकडे जाणारा रस्ता टाकीखालून जातो. बाजार ऐन भरात होता. ठरल्याप्रमाणे मधली वाट मोकळी होती, ॲम्ब्युलन्स जाईल एवढी. पण मामांच्या मागे इतकी माणसं होती की त्या वाटेत मावेनात, आणि तिरडी टाकीपाशी येऊन थबकली. मी आईच्या बाजूला उभी होते. तिनं मेथी, कोथिंबीर भराभर टोपलीत टाकली, खालचं तरट ओढलं आणि शेजारणीला म्हणाली, "उठ वं माय, मामाले जाऊ दे." शेजारीण उठली, तिच्या पलीकडची उठली, दोडकेवाली उठली. सगळी रांग भिंतीला टेकून उभी राहिली.

मामा पुढे गेले. त्यानंतर त्या दिवशी एकाही बाईने तरट पुन्हा अंथरलं नाही.