विटेत बसलेला दांडा

असोद्याहून लग्न होऊन धुळ्याला निघाले, तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रंकेत साड्यांवर बाभळीच्या चार खुंट्या ठेवल्या. "टांगायला लागतातच," म्हणाले. एसटी सुटली आणि मी रडायचं सोडून खुंट्यांनी साड्या फाटतील का, याची काळजी करत बसले. अशी मी हुशार.

आपल्या असोद्याच्या घरच्या भिंती मातीच्या. धुळ्यातली भाड्याची खोली पक्क्या विटांची, हे मला वरवंट्याने खुंटी ठोकताना कळलं. खुंटी चिरली, गिलावा पडला आणि घरमालकीण दारात. "सूनबाई, हाई भित शे, कनीक नही." मी तिलाच सुनावलं की तुमची भिंत कच्ची आहे.

पुढे इथेच स्वतःचं घर झालं. यंदा मात्र ह्यांचे गुडघे गेले. न्हाणीपर्यंत जायलाही मला हाक मारावी लागायची. मुलगा विजू पुण्याहून रोज फोनवर, "आई, नाना पडले तर? घर विकू, इकडे या." हे ऐकायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

ह्यांना धरून चालायला भिंतीला दांडे बसवायचे ठरवून मी हार्डवेअरच्या दुकानात गेले. शेठ म्हणाले, "अक्का, भाऊंना पाठवा ना."

"भाऊ चालले असते तर मी कशाला आले असते?"

त्यांनी काँक्रीटचे स्क्रू दिले, ड्रिल मशीन भाड्याने दिलं. या स्क्रूला प्लॅस्टिकची गिट्टी लागत नाही. विटेत स्क्रूहून जरा बारीक भोक पाडायचं, स्क्रू आपले आटे आपणच पाडत आत जातो. माझा पहिला अर्ध्यात अडकला, कारण भोकातला भुगा काढला नव्हता. दुसरा मी इतका आवळला की विटेतले आटेच झिजले आणि तो नुसता फिरत राहिला. वरवंटेवाली सूनबाई अजून जिवंत आहे म्हणायची. मग दर भोकातला भुगा फुंकून काढला, हात आवरला आणि पॅसेजमध्ये सागाचा दांडा बसवला, न्हाणीत स्टीलचा. दोन्हींना आधी मीच लोंबकळून पाहिलं. माझं वजन ह्यांच्याहून जास्त.

हे दांडा धरून न्हाणीत गेले, आतून कडी लावली, कितीतरी वेळाने बाहेर आले. "जरा वर लावायचा होतास."

विजूला सांगितलं, घर विकायचं नाही.

असोद्याच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो, तुम्ही विचारता, अक्का, आता घर कुठलं? जिथे हे मला हाक न मारता न्हाणीत जातात, ते.